डाव्या कोपऱ्यातली जागा

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या संघातून पाच जणी गेल्या. दोघींना सरकारी नोकरी लागली. एक लग्न होऊन नाशिकला गेली. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला जिना चढतानाही जपायला सांगितलं. पाचवी, जी सात वर्षं कोर्टवर माझ्या शेजारी उभी राहिली, ती दुसऱ्या कंपनीच्या संघात गेली. हे मला तिच्याकडून कळलं नाही, आमच्या कोचनी सांगितलं. सांगता सांगता त्यांनी स्वतःचंही सांगून टाकलं, की त्यांची साठी झालीय आणि आता ते मुलीकडे राहायला जाणार आहेत.

आमचा संघ म्हणजे एका खासगी कंपनीचा महिला कबड्डी संघ. कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत, ऑफिस ठाण्यात, नौपाड्यात. खेळाडू म्हणून नोकरीला लागलेल्या आम्ही दोघी-तिघी कायम, बाकीच्या वर्षाच्या करारावर. सकाळी सराव, मग आंघोळ करून अकराला टेबलावर. मी डिस्पॅच बघायचे. कुठला माल कुठल्या गाडीतून गेला, पोचपावती आली का, एवढंच काम. स्पर्धांचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो. कल्याण, ठाणे, मुंबई, खाली कोकणात, मैदानावर मॅट अंथरून आणि गॅलऱ्या बांधून व्यावसायिक गटाचे सामने होतात. आदल्या मोसमात आम्ही दोनदा अंतिम सामन्यापर्यंत गेलेलो. मी तेहतीस वर्षांची, संघातली सगळ्यात जुनी. माझी जागा डावा कोपरा, म्हणजे हात धरून उभ्या राहणाऱ्या बचावाच्या साखळीचं डावं टोक.

कंपनीत क्रीडा विभाग म्हणजे एकच साहेब. कँटीन, युनिफॉर्म, स्नेहसंमेलन आणि कबड्डी, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"वरचे विचारतायत, टीम ठेवायची का म्हणून," ते म्हणाले. "मी एक वर्ष मागून घेतलंय. शब्द दिलाय मी. आता टीम दिसली पाहिजे."

"कोण खेळणार, सर?"

"तू आहेस ना. नवीन पोरी घे. कॅप्टन तू, आणि कोचिंगही तूच बघ. या वर्षी कोच नाही मिळणार."

"सर, आत खेळत असताना बाहेरून बघता येत नाही."

"मग दोन्हीकडून बघ," ते म्हणाले आणि कँटीनवाल्याचा फोन घेतला.

जुलैमध्ये ठाण्यातल्या एका व्यायामशाळेच्या पत्र्याच्या शेडखाली आम्ही निवड चाचणी ठेवली. चाळीसेक मुली आल्या. त्यांतल्या सात घेतल्या. सगळ्या अठरा ते एकवीस वयाच्या. त्यांच्यापैकी दोघींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच घडलं.

एक कल्याणची चढाईपटू. उंच, डावखुरी, पायात विलक्षण वेग. चढाईला जाताना मान किंचित वाकडी करून जायची, समोरचीला वाटायचं हिचं लक्ष नाहीये, आणि तेवढ्यात तिचा हात लागून गेलेला असायचा. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. ऐकणं मात्र कुठल्याच भाषेत नाही.

दुसरी डोंबिवलीच्या कोपर गावातली. आगरी घरातली, अंगाने लहानखुरी, गप्प. आजोबा मिठागरावर काम केलेले, आता घरच्या जागेवर दोन इमारती उभ्या होत्या आणि चुलत भावंडांचा सगळा गोतावळा त्याच आवारात राहायचा. तिला कबड्डी त्या आवारातच आलेली, भावांचे पाय धरून. तीही डावा कोपराच खेळायची. कोपरची म्हणून कोपरा खेळते का, असं पहिल्याच दिवशी कोणीतरी चिडवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "नय, आमच्या घरात समदेच कोपरा खेलतात. मधी उभं ऱ्हायला कोनालाच आवडत नय."

डावा कोपरा माझा होता. म्हणून तिला राखीवमध्ये ठेवलं. त्यात काही चूक आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. संघात एक तरी अनुभवी हवी की नको?

चार महिने सराव केला. आठवड्यातले दोन दिवस मॅट मिळायची, एरवी माती. सकाळी साडेसहाला मी ठाण्यात पोचलेली असायचे. घरी सासूबाई माझ्या मुलीला उठवून शाळेत पाठवायच्या, नवरा दुपारच्या डब्यांचं बघायचा. मुली मेहनती होत्या. एकेकट्या चांगल्याही होत्या. पण सात जणी मिळून एक बचाव होतो तसा तो होत नव्हता. पूर्वी मी नुसती खांद्याने खूण करायचे आणि शेजारची निघायची. आता मला प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगावी लागायची. "घे!" म्हणून मी हाक द्यायची, मग त्यांनी तुटून पडायचं, असं ठरवलं. सरावात ते जमायचं, कारण सरावात समोर आपल्याच मुली असतात आणि हाक ऐकून त्याही क्षणभर थबकतात.

पहिला सामना कल्याणला होता. सातव्या मिनिटाला आमच्यावर लोण पडला, म्हणजे आमच्या सातही जणी बाद झाल्या आणि समोरच्यांना वरचे दोन गुण मिळाले. मग दुसरा लोण. मग तिसरा. लाउडस्पीकरवर बोलणारे गृहस्थ आधी आमच्या कंपनीचं नाव आदराने घेत होते, मध्यंतरानंतर ते "समोरचा संघ" म्हणायला लागले. एकतीस गुणांनी हरलो. इतक्या फरकाने मी कधीच हरलेली नव्हते, शाळेतसुद्धा नाही.

मैदानाबाहेर आम्ही टेम्पोची वाट बघत उभ्या राहिलो. कोपरच्या मुलीच्या आईने सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली होती. ती कोणी उघडेना. शेवटी मीच डबा उघडला आणि म्हटलं, "हरलो म्हणून भूक हरत नाही. खा." त्या खायला लागल्या.

दुसऱ्या सामन्यात मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी पुढे होतो आणि आठ गुणांनी हरलो. तिसरा हरलो तो एका चुकीमुळे, निदान तेव्हा मला तसं वाटलं.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती, आम्ही चार गुणांनी मागे. आमच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, त्यामुळे तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारी बाद. मी बाद होऊन बाहेर बसलेली होते. कल्याणची मुलगी गेली. समोर पाच जणी. बोनस रेषेपलीकडे पाय टाकून गुण मिळतो, पण समोर किमान सहा जणी असतील तरच. हिने एकदम दिमाखात बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, परत आली आणि अंगठा वर करून पंचांकडे बघितलं. पंचांनी तिला बाहेरचा रस्ता दाखवला.

परतताना टेम्पोत मी तिला सगळ्यांसमोर झापलं. पाच आणि सहा मोजता येत नाहीत का, शाळेत गेली होतीस की नाही, इथपर्यंत बोलले. ती खाली बघत बसून राहिली. हातात मोबाइल घट्ट धरलेला. पुढचे दोन दिवस ती सरावाला आली नाही. फोन केला तर आईने उचलला, "ती झोपलीय," म्हणाली आणि ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी ती आली. बूट बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तू ओरड ना, बिनधास्त ओरड. मेरी गलती थी. पण टेम्पोत नको. फोनवर मम्मी होती. तिने सगळं ऐकलं."

मी तिथेच सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "ठीक आहे, छोड," आणि पळायला गेली. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. चढाईला निघण्याआधी तिने समोरच्या मुली मोजायच्या आणि मांड्यांवर तितकी बोटं टेकवून दाखवायची. बाहेर बसलेल्यांनी ती बघायची. तिला हे आधी बालिश वाटलं, मग सवय झाली. मोसमभर तिच्याकडून ती चूक पुन्हा झाली नाही. पण आम्ही हरत होतो ते त्या चुकीमुळे नव्हतंच.

चौथा सामना ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका मैदानावर होता. समोर ज्या कंपनीचा संघ होता, त्यात माझी जुनी मैत्रीण होती. तीच, सात वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलेली. नाणेफेकीच्या वेळी आम्ही हात मिळवला. ती म्हणाली, "कशी आहेस?" मी म्हणाले, "मस्त." एवढंच.

त्यांची चढाई करणारी एक ठेंगणी, चपळ मुलगी होती. दर चढाईआधी माझी मैत्रीण तिच्या कानात काहीतरी सांगायची. ती मुलगी यायची आणि सरळ माझ्या कोपऱ्याकडे वळायची. मी तिचा पाय धरायला झेप घ्यायचे, आणि माझ्या हातात मॅट यायची. एकदा, दोनदा, तीनदा. सामना संपला तेव्हा आम्ही नऊ गुणांनी हरलो होतो, आणि त्या मुलीने एकट्या माझ्याकडून सहा गुण नेले होते. लोकांना ते दिसलं की नाही माहीत नाही. माझ्या मुलींना दिसलं असणार, पण कोणी काही बोललं नाही. ते न बोलणं मला जास्त लागलं.

सामन्यानंतर मी पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"तूच सांगत होतीस ना तिला?" मी विचारलं.

"हो."

"काय सांगत होतीस?"

तिने नळाखाली हात धरले. मग म्हणाली, "पायावर जायच्या आधी तू उजवी टाच उचलतेस. आधीपासूनच उचलतेस. पण पूर्वी टाच उचलली की लगेच पाय तुझ्या हातात असायचा. आता मधे वेळ जातो."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली. तुझा घोटा दुखावला त्यानंतर."

"मग दोन वर्षं आपण जिंकत कशा होतो?"

"मी तुझ्या आधी निघायचे," ती म्हणाली. "तुझी टाच दिसली की मी निघायचे. तू तिला अडवतेयस असं दिसायचं, पण तोवर मी पोचलेली असायचे."

मी नळ बंद केला. मला तिचा इतका राग आला की मी दुसरंच काहीतरी बोलले. "जाताना मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस," ती म्हणाली, "आणि मी थांबले असते. माझं एकोणतीस वय आहे गं. मला अजून तीन-चार वर्षं नीट खेळायचंय."

तिने माझ्या पिशवीतला टॉवेल काढून मला दिला, पूर्वी द्यायची तसाच, आणि तिच्या संघाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सामन्याचा व्हिडिओ बघितला. आमच्यातल्या एकीच्या बाबांना प्रत्येक सामना मोबाइलवर घ्यायची हौस होती. ते तो आमच्या ग्रुपवर टाकायचे, मध्येमध्ये त्यांचा स्वतःचाच ओरडण्याचा आवाज. आतापर्यंत मी हे व्हिडिओ मुलींच्या चुका काढायला बघायचे. या वेळी फक्त माझ्याकडे बघितलं. टाच खरंच उचलली जात होती. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. चढाई करणारी आत आली की माझ्या बाकीच्या मुली तिच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हाकेची वाट बघत होत्या. मी उशिरा, म्हणून त्या माझ्याहून उशिरा.

कोपरची मुलगी त्या दिवशी ऑफिसात कागदपत्रांवर सही करायला आलेली. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून डोसा खात होती. मी मोबाइल तिच्याकडे वळवला.

"तुला काय दिसतं? खरं सांग."

तिने डोसा बाजूला ठेवला. आगरी बोलीत अहो-जाहो नसतं, ती मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच करायची, आणि मला ते आवडायचं. "ताई, राग नको मानू," ती म्हणाली. "तू 'घे' बोलतंस ना, तवर ती पोर मागं फिरलेली असते. मना बाहेरून दिसतं. पन आत समद्या तुझ्या तोंडाकडं बघत ऱ्हातात."

"तू आधी का नाही बोललीस?"

"तू इचारलंसच नय."

बरोबर होतं ते. चार महिने मी तिला दोराच्या उड्या मारायला लावत होते, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायला सांगत होते, पण तिला काय दिसतं हे विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं, माझ्या जागी कोपरच्या मुलीला उतरवायचं मनात आहे हेही. त्या ठाण्याच्या कोर्टात कारकून होत्या, तीस वर्षं. कबड्डीतलं त्यांना काही कळत नाही आणि कळतं असं त्या दाखवतही नाहीत. त्या मेथी निवडत होत्या.

"म्हणजे तू बाहेर बसणार?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक."

"आणि ती मुलगी चांगली खेळली तर?"

"तर बरंच की."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "अगं, मला नको सांगूस तसं. कोर्टात लोक शपथ घेऊनसुद्धा इतकं सरळ बोलत नाहीत."

मला हसू आलं आणि मग रडू. त्या उठल्या नाहीत. जुडी अर्धी माझ्याकडे सरकवली. दोघींनी मिळून मेथी निवडली.

साहेबांना सांगणं जास्त कठीण गेलं.

"कॅप्टन बेंचवर?" ते म्हणाले. "वेडी आहेस का? लोक ओळखतात ते तुला एकटीला. चार हरलोय आपण. तू उतरली नाहीस तर वरच्यांना मी काय सांगू?"

"सर, मी उतरते म्हणूनच हरतोय."

"असं कोणी म्हणालं?"

"मी म्हणतेय."

ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. कॅप्टनपद मधल्या फळीत खेळणाऱ्या एका शांत मुलीला द्यावं आणि मी फक्त कोच म्हणून बाहेर बसावं, असं मी सुचवलं. राखीव खेळाडू म्हणून माझं नाव यादीत राहील. शेवटी ते म्हणाले, "बघ बाई. पण हरलात तर मी तुझंच नाव सांगणार." मी म्हणाले, सांगा.

सरावात आम्ही ती हाक बंद केली. माझी कल्पना साधी होती. ज्या बाजूला चढाई वळेल, त्या बाजूच्या कोपऱ्याने स्वतः ठरवायचं आणि न बोलता जायचं. बाकीच्यांनी तिच्या पाठोपाठ पडायचं. चुकलं तर चुकलं. पहिले तीन दिवस नुसता गोंधळ. दोघी एकमेकींवर आपटल्या, एकीचा ओठ फुटला. चौथ्या दिवशी कल्याणची मुलगी सरावात चढाईला आली आणि कोपरच्या मुलीने तिला अशी काही खाली आणली की ती मॅटवर पडल्या पडल्या ओरडली, "अरे यार, ही आली कधी?"

पाचवा सामना डोंबिवलीत होता, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. सोसायटीतले लोक आले होते, नवरा आणि मुलगीही. मुलीने विचारलं, "आई, तू का नाही आत?" मी म्हटलं, "आज मी सर आहे." तिला ते पटलं नाही. ती बाबांच्या मांडीवर बसून मधूनमधून माझ्याकडे बघत राहिली.

बेंचवर बसणं मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत बसले ते फक्त दुखापत झाली तेव्हा. हात कुठे ठेवायचे कळेना. पहिल्या पाच मिनिटांत समोरची एक दणकट चढाईपटू आमच्या डाव्या कोपऱ्याकडे वळली. कोपरची मुलगी खाली झुकली, आणि त्या एका क्षणात माझ्या मनात आलं, चुकू दे. हिचा हात सुटू दे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितेय, कारण ते झालं होतं. तिचा हात सुटला नाही. तिने घोटा धरला, तिच्यामागून दोघी पडल्या, आणि शिट्टी वाजली. मी उठून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या. आधीचं मनात आलेलंही खरं होतं.

तो सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. पण बाहेर आलेल्या मुली भांडत होत्या. कुठली पकड कोणामुळे सुटली, शेवटच्या चढाईला कोणी जायला हवं होतं, यावरून. पहिल्या सामन्यानंतर त्या गप्प उभ्या होत्या. कल्याणची माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, टाइमआउट लवकर घ्यायला पाहिजे होता तू. तेरी गलती." मी म्हटलं, मान्य.

आठवड्याने सहावा सामना आला, परत ठाण्यात. आधी झालेल्या एका स्पर्धेतला विजेता संघ समोर होता. आमच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती. साहेब कँटीनच्या कामात होते, आलेच नाहीत. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. कल्याणची चढाईला निघाली, मांड्यांवर सहा बोटं टेकवली. बोनस मिळू शकत होता. तिने मान वाकडी केली, बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, आणि परत वळताना दोघी तिच्यावर पडल्या. ती मॅटवर घसरत, ओढत मध्यरेषेपर्यंत आली. हात रेषेच्या पलीकडे गेला की नाही, यावर पंच एकमेकांकडे बघत राहिले. आम्ही सगळ्या उभ्या. मग पंचांनी बोनसचा गुण दिला, पण तिला बाद धरलं. म्हणजे दोन्ही संघांना एकेक. पुन्हा बरोबरी, आणि वीस सेकंद. आता शेवटची चढाई त्यांची.

त्यांची मुलगी आली. तिलाही घाई होती, आमच्याइतकीच. ती उजवीकडे गेल्यासारखी झाली आणि डावीकडे वळली. कोपरची मुलगी जागची हलली नाही. मी बाकाच्या कडेला धरून बसलेले. मला वाटलं, जा, जा आता. ती गेली नाही. समोरचीने हात लांब केला, अजून लांब केला, तिचं वजन पुढे आलं, आणि तेव्हा ही गेली. मी असते तर आधीच गेले असते आणि मॅट धरली असती. एका गुणाने जिंकलो.

मुलींनी तिला उचलून घेतलं. ती "खाली ठेवा, खाली ठेवा" म्हणत राहिली. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "किती गुणांनी?" मी म्हणाले, "एका." ते म्हणाले, "बरं, चालेल," आणि मग पुन्हा दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःहून फोन केला आणि सगळा सामना पहिल्यापासून सांगायला लावला.

ही काही चमत्काराची गोष्ट नाही. त्यानंतरचे दोन सामने आम्ही हरलो. मग एक जिंकला, मग परत हरलो. मोसम संपला तेव्हा जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. एकतीस गुणांची हार मात्र पुन्हा झाली नाही. एप्रिलमध्ये संघ आणखी दोन वर्षं ठेवायचं ठरलं. मला कोच म्हणून पत्र मिळालं, डिस्पॅचचं टेबल मात्र तसंच राहिलं. कोपरची मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. बातमी सांगायला तिच्या आईचा फोन आला, तिला स्वतःला सांगायला लाज वाटत होती म्हणे.

मैत्रिणीशी बोलणं हळूहळू सुरू झालं. एकदा तिने विचारलं, "रागावली आहेस का अजून?" मी म्हटलं, "थोडी." ती म्हणाली, "थोडी चालेल."

त्या मोसमात मी आणखी एकदाच मैदानात उतरले, फेब्रुवारीत, रायगडकडच्या एका स्पर्धेत. आमच्या एकीच्या भुवईला लागून रक्त यायला लागलं, आणि राखीवमधली दुसरी आधीच पाय धरून बसलेली. मी जॅकेट काढलं आणि आत गेले. डावा कोपरा भरलेला होता, म्हणून उजवीकडे, आतल्या जागी उभी राहिले. जेमतेम दोन मिनिटं होती. समोरून तीन चढाया आल्या आणि तिन्ही दुसऱ्या बाजूला गेल्या. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. सामना संपल्याची शिट्टी झाली, आम्ही सात गुणांनी हरलो. मी शेजारच्या मुलीचा हात सोडला. तिचा तळवा घामाने ओला होता, माझा कोरडा. मग आम्ही रांगेत उभ्या राहून समोरच्यांशी हात मिळवले.